पॉइंट टू टूची गंमत

गुलमर्गला असताना बायथलॉनची रायफल पहिल्यांदा हातात घेतली आणि मला हसू आलं. पॉइंट टू टू! एनसीसीच्या कॅम्पात पोरं ज्या गोळीवर फायरिंग शिकतात, तीच ही. स्कीवर धापा टाकत यायचं आणि ही फुसकी गोळी झाडायची?

खरं तर हा खेळ अस्सल फौजी. 1924 साली शामोनीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याचा पूर्वज होता ‘मिलिटरी पेट्रोल’. बायथलॉन म्हणून तो 1960 मध्ये स्क्वॉ व्हॅलीला आला. 20 किलोमीटर स्कीइंग आणि 250, 200, 150, 100 मीटरवरून पाच-पाच गोळ्या, त्याही सेंटरफायर रायफलमधून. स्वीडनचा क्लास लेस्टांडर स्कीइंगच्या वेळेत पंधरावा होता, पण वीसपैकी वीस गोळ्या लागल्या आणि सुवर्णपदक त्याचं झालं.

1978 पासून मात्र मोठी गोळी गेली. पॉइंट टू टू रिमफायर आली आणि अंतर सरसकट 50 मीटर झालं.

फरक काडतुसाच्या बुडाशी आहे. सेंटरफायरमध्ये टोपी बुडाच्या मधोमध बसवलेली असते. रिमफायरला वेगळी टोपी नसते, पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. फायरिंग पिनने ती कड चेपली गेली पाहिजे, म्हणून पत्रा पातळ. पत्रा पातळ म्हणून दाब कमी, आणि दाब कमी म्हणून धक्का आणि आवाजही कमी.

सेंटरफायरच्या रेंजमागे काही किलोमीटर मोकळी जागा सोडावी लागते, हे आपल्याला सांगायला नको. 50 मीटरची रेंज स्टेडियमसमोर मावते. काळं टार्गेट पांढरं झालेलं प्रेक्षकांना तिथूनच दिसतं. पुढे महिलाही आल्या: 1984 मध्ये जागतिक स्पर्धेत, 1992 मध्ये ऑलिंपिकमध्ये. फौजेचा खेळ सगळ्यांचा झाला.

नेमबाजीतही तेच घडलं. 300 मीटर रायफल ऑलिंपिकमध्ये शेवटची दिसली 1972 साली, म्युनिकला. 50 मीटरची स्मॉलबोअर मात्र टिकली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवलं, ते याच छोट्या गोळीवर.

तरी माझ्यातल्या पायदळवाल्याला वाटायचं, लढाईचं हत्यार गेलं, मग खेळात उरलं काय?

उत्तर रेंजवरच मिळालं. एक फेरी मारून उभ्याने पाच गोळ्या झाडल्या. टार्गेट 115 मिलिमीटरचं, म्हणजे चहाच्या बशीहून थोडं लहान. छातीचे ठोके थेट फोरसाइटवर दिसत होते. पाचातली एक लागली. दोष धक्क्याला द्यावा, तर धक्काच नव्हता. आवाजाने दचकलो म्हणावं, तर आवाजही नव्हता. उरलो फक्त मी.

शेजारचा हवालदार उस्ताद मात्र हसला नाही. एवढंच म्हणाला, “साहब, पहले साँस.”