अर्भकाच्या जिवाचा हिशेब

1991 च्या शिरगणतीच्या वेळीं माझ्याकडे मोजणीदाराचें काम आलें होतें. भंडारा जिल्ह्यांतील एका धानाच्या मुलुखांतल्या खेड्यांत मी घरोघर फिरलों. किती मुलें जन्मलीं आणि किती हयात आहेत, हें बायकांना विचारावयाचें असे. उत्तर झटकन् मिळे. परंतु बारशापूर्वींच गेलेलें मूल त्यांत बहुधा नसे. शेजारची एखादी म्हातारी मागून हळूच सांगे, तेव्हां कळे. पुढें हाच प्रश्न मीं माझ्या आईला केला. आम्ही पांच भावंडें, एवढेंच मला ठाऊक होतें. तिनें बोटें मोजलीं आणि सात म्हणाली.

जें मूल मोजलेंच गेलें नाहीं, तें वांचविण्यास काय खर्च आला असता हें कोण काढणार? आरोग्यसेवेवर वेंचलेल्या पैशाचें फळ तोलण्याचें एक शास्त्र आतां जगभर रूढ झालें आहे. आणि त्यांतील एक नामांकित प्रयोग आमच्या वैनगंगेच्या खालच्या अंगाला, गडचिरोली जिल्ह्यांत झाला.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं 1986 सालीं तेथें 'सर्च' ही संस्था स्थापिली. त्यांचा आधींचा प्रयोग लहान मुलांच्या न्यूमोनियाचा. 58 गांवांत शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांकरवीं को-ट्रायमोक्साझोल हें स्वस्त औषध देण्यांत आलें, आणि 44 गांवें तुलनेसाठीं ठेविलीं. 1990 सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषधाचा खर्च दर मुलामागें वर्षाला अडीच सेंट, आणि वांचलेल्या दर मुलामागें 2.64 डॉलर! आंकडा वाचून मन थक्क होतें. परंतु शिक्षकाची संवय अशी कीं, उत्तराआधीं रीत तपासावी. हा खर्च केवळ औषधाचा आहे. कार्यकर्त्याचा वेळ, त्याला दिलेलें शिक्षण, देखरेख करणाऱ्याची पायपीट हीं त्यांत नाहींत. लेखकांनीं तसें स्पष्ट लिहिलें आहे. 'औषधाचा' हा शब्द गाळतात ते ऐकणारे.

दुसरा प्रयोग नवजात अर्भकांचा. 39 गांवें सेवेचीं, 47 तुलनेचीं. 1993 पासून दोन वर्षें मुख्यतः मोजणी झाली, आणि हेंच मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. सेवेच्या गांवांत हजार जिवंत जन्मांमागें 62 बालकें पहिल्या महिन्यांतच दगावत होतीं. नंतर गांवांतल्याच स्त्रियांना शिकवून त्यांच्याकरवीं घरीं जाऊन बाळ तोलणें, ऊब देणें, स्तनपानास मदत करणें हें सुरू झालें. आणि जंतुदोष झाल्यास इंजेक्शनही त्यांनींच दिलें. अल्पशिक्षित बाईच्या हातीं सुई द्यावी काय, असा आक्षेप कोणाच्याही मनांत येईल. उत्तर आंकड्यांनीं दिलें : जंतुदोष झालेल्या बाळांत पूर्वीं शेंकडा 16.6 मरत, उपचारानंतर 2.8. तिसऱ्या वर्षीं सेवेच्या गांवांत नवजातमृत्यूचें प्रमाण हजारीं 25.5 वर आलें. तुलनेच्या गांवांशीं ताडून पाहतां निव्वळ घट शेंकडा 62 होती.

तुलनेचीं गांवें कशाला, असें कोणी विचारील. पाऊस बरा झाला, रस्ता झाला, दवाखाना उघडला, तरीही मृत्यु घटतात. तें श्रेय आपल्या पदरीं पडूं नये, म्हणून. त्या गांवांतील आयांना मात्र हें कोणत्या शब्दांत सांगावें, हा प्रश्न मला आजही सुटलेला नाहीं.

या वेळीं दर केवळ औषधाचा न काढतां घरपोंच सेवेचा काढला : दर नवजातामागें 5.3 डॉलर, म्हणजे तेव्हांचे सुमारें 200 रुपये. 18 नवजातांची सेवा केली म्हणजे एक मृत्यु टळला, मग तो गर्भांतील असो वा जन्मानंतरचा. गुणाकार इयत्ता चौथीचा आहे. सुमारें 95 डॉलर. हे निष्कर्ष 1999 सालीं 'लॅन्सेट'मध्येंच आले.

जागतिक बँकेच्या 1993 च्या अहवालापासून एक निराळें मापही प्रचारांत आहे. त्यांत अकालीं मृत्यूनें हरपलेलीं आयुष्याचीं वर्षें आणि अपंगत्वांत गेलेलीं वर्षें एकत्र करितात, व एक वर्ष राखण्यास किती खर्च लागला तें पाहतात. त्यामुळें क्षय, बाळंतपण, आंधळेपणा यांची एकाच तराजूंत तुलना होते. सोय मोठी, यांत शंका नाहीं. पण गणित, मराठी आणि चित्रकला यांचे गुण एकत्र करून आम्हीही मुलांचा नंबर लावीत होतों, आणि तो नंबर कोणत्या मुलावर अन्याय करी हें आम्हांस ठाऊक असे. अशा तौलनिक परीक्षेसाठीं भारत सरकारच्या आरोग्य संशोधन विभागानें 2017 सालीं स्वतंत्र यंत्रणा उभारली.

खर्चाच्या रकान्यांत काय धरावें, हा वाद मात्र कागदी नाहीं. 9 जानेवारी 2021 च्या पहांटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षास आग लागून 10 अर्भकें गेलीं. यंत्राच्या किंमतीबरोबर त्याची निगा, वीज, आणि रात्रीं जागें राहणारें माणूस यांचाही खर्च मांडावा, हें तेव्हांपासून आम्हांस कोणी शिकवावें लागत नाहीं.

गडचिरोलीची रीत 2011 सालीं देशभर स्वीकारली गेली. दवाखान्यांत जन्मलेल्या बाळाकडे आशा कार्यकर्तीनें बेचाळीस दिवसांत सहा वेळां जावयाचें, आणि घरीं जन्मलेल्याकडे सात वेळां. त्याबद्दल तिला 250 रुपये ठरले. धानाच्या रोवणीच्या दिवसांत या फेऱ्यांपायीं तिची बुडालेली मजुरी कोणत्या रकान्यांत लिहावी, हें मीं एका आशाताईस विचारलें. ती हसली, आणि वजनाची झोळी खांद्याला लावून पुढच्या घराकडे वळली.