वाल्पाराइसो: वाटेवरचं बंदर

कठडा घट्ट धरून उभे राहा. साल १८३४, महिना जुलै, आणि इथे दक्षिण गोलार्धात ऐन हिवाळा. केप हॉर्नला वळसा घालून तुमचं गलबत आलंय. शिडं फाटलीत, पिपातल्या पाण्याला वास मारतोय. हॉर्ननंतर ताजी भाजी, डोलकाठीसाठी लाकूड आणि माल घेणारा व्यापारी हे सगळं एकत्र मिळणारं पहिलं मोठं बंदर म्हणजे चिलीचं हे वाल्पाराइसो.

समोर बघा. पाण्याच्या काठाने एकच लांबट रस्ता, त्याच्या पाठीला चिकटून तांबड्या मातीच्या टेकड्या. जिथे एखादी घळ खाली उतरते, तिथे दोन्ही अंगांना घरं एकावर एक चढलेली. हवा स्वच्छ असेल तर लांबवर आकोंकाग्वाचं शिखर दिसेल. याच महिन्यात ‘बीगल’ ही नौका इथे नांगर टाकते. तिच्यावरचा पंचविशीतला चार्ल्स डार्विन पुढे काही आठवडे याच गावात, एका शाळूसोबत्याच्या घरी, आजारी पडून राहणार आहे.

बंदर म्हणून ही जागा वाईटच. दक्षिणेचा वारा टेकड्या अडवतात, पण उपसागराचं तोंड उत्तरेला उघडं आहे. हिवाळ्यात उत्तरेचं वादळ सुटलं की नांगरासकट जहाजं ओढली जातात आणि काठावर फुटतात. तरीही पॅसिफिकवरच्या सगळ्यात गजबजलेल्या बंदरांपैकी एक इथेच उभं राहिलं, कारण वाट इथून जात होती. मला या शहराचं सगळं नशीब त्या एका गोष्टीत दिसतं.

१८४९मध्ये या. कॅलिफोर्नियात सोनं सापडलंय. चिलीचं पीठ आणि चिलीची माणसं इथूनच उत्तरेला निघालीत. इंग्रज आणि जर्मन पेढ्या उघडल्यात. १८२७पासून निघणारं ‘एल मर्कुरियो’ जहाजांच्या बातम्या छापतंय.

आता ३१ मार्च १८६६, ईस्टरच्या आदला दिवस. गावकऱ्यांबरोबर टेकडीवर चढा, कारण खाली थांबणं धोक्याचं आहे. स्पेनविरुद्धच्या संघर्षात पेरूची बाजू घेतल्याबद्दल चिलीला धडा शिकवायला स्पेनचा कास्तो मेंदेस नुन्येस आरमार घेऊन आलाय. शहराच्या रक्षणाला तोफा नाहीत. इंग्रज आणि अमेरिकन युद्धनौका उपसागरात आहेत. त्या बाजूला सरकतात. सुमारे तीन तास गोळे पडतात आणि जकातीची गोदामं धुरात जातात. प्रतिकार करू न शकणाऱ्या शहरावर झालेला तो मारा दीडशे वर्षांनंतरही संताप आणतो.

शहर पुन्हा बांधलं जातं, आणि सपाट जागा कमी म्हणून समुद्रात भर घालून रुंदावतं. या सपाट पट्टीला लोक ‘एल प्लान’ म्हणतात. उरलेली माणसं टेकड्यांवर जातात. १८८३मध्ये कॉन्सेप्सिऑन टेकडीवर पहिला आसेन्सोर सुरू होतो. त्यात बसा: रुळांवरचे दोन लाकडी डबे, एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो. पुढे असे तीसच्या आसपास झाले. बाजारातल्या सामानाच्या पिशव्या घेऊन चढणाऱ्या बाईसाठी ही केवढी मोठी सोय होती!

१६ ऑगस्ट १९०६, संध्याकाळ. तुम्ही एल आल्मेंद्रालमध्ये आहात. हा सपाट, दाट वस्तीचा भाग, बराचसा भुसभुशीत वाळूवर आणि भरावावर वसलेला. आठच्या सुमाराला जमीन हलू लागते आणि थांबतच नाही. भिंती पडतात, मग आगी लागतात. टेकड्यांखालचा खडक घट्ट असल्याने तिथली बरीच घरं टिकतात, पण समुद्राकडून घेतलेल्या जागेवरचं शहर कोसळतं. मृतांचा आकडा साधारण ३००० सांगितला जातो. सुव्यवस्थेची जबाबदारी नौदलाचे लुईस गोमेस कारेन्यो यांच्याकडे येते आणि लुटारूंना गोळ्या घातल्या जातात.

अवशेषांतून शहर उठतं. पण १५ ऑगस्ट १९१४ला पनामा कालवा खुला होतो आणि हॉर्नची वाट ओस पडते. बँका आणि श्रीमंत कुटुंबं हळूहळू सांतियागोला निघून जातात.

२००३मध्ये युनेस्कोने जुन्या भागाला जागतिक वारसा ठरवलं. सोतोमायोर चौकात भूमिगत वाहनतळ खणताना जुन्या धक्क्याचे अवशेष निघाले. एके काळी पाणी कुठवर होतं ते तिथे उभं राहून कळतं. रंगवलेल्या पत्र्याच्या घरांचे फोटो काढायला प्रवासी येतात ते मात्र खालच्या टेकड्यांवर.

तुम्ही आणखी वर चला, जिथे आसेन्सोर पोचत नाही. घळींच्या माथ्यावर, निलगिरीच्या झाडांना लागून, परवानगीशिवाय बांधलेली घरं आहेत. एप्रिल २०१४मध्ये वाऱ्याने भडकलेल्या वणव्यात इथे १५ माणसं गेली आणि अडीच हजारांवर घरं जळाली. अरुंद, चढणीच्या वाटांवरून बंबांना वर येणं अवघड होतं. राख निवायच्या आत अनेकांनी त्याच उतारावर पुन्हा खांब रोवायला घेतले, कारण कामाच्या जवळ, त्यांना परवडेल अशी दुसरी जागा शहरात कुठेच नव्हती.