बांधावरच्या निवडुंगाचा पांढरा कापूस : किडा एक दिसतो, पण एक नसतो



आमच्या माळाच्या बांधावर दोन मेक्सिकन पाहुणे शेजारी शेजारी उभे आहेत. एक केकताड, ज्याला पुस्तकात घायपात म्हणतात, आणि दुसरा फड्या निवडुंग. कुणी लावले ते घरात कुणालाच सांगता येत नाही. केकताडाचा वाख काढून आजोबांच्या काळात दोर वळायचे. निवडुंगाचं काम एकच, जनावर आत येऊ द्यायचं नाही.

ज्वारी राखायला गेलो तेव्हा निवडुंगाच्या फड्यांवर पांढऱ्या कापसाचे पुंजके चिकटलेले दिसले. केकताडाचं पान त्याच फड्याला टेकलेलं होतं, पण त्याच्यावर एक ठिपका नाही. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

फोटो एका दुकानात दाखवला. "पिठ्या ढेकूण आहे, हे मारा," म्हणून बाटली पुढं आली. घेतली नाही. परत बांधावर जाऊन काडीनं कापूस बाजूला सारला, आतला फुगीर दाणा नखानं चिरडला, तर बोट लालभडक. ओलं कुंकू लागावं तसं. डाळिंबावरचा, द्राक्षावरचा पिठ्या ढेकूण आपण हजार वेळा चिरडलाय, असा रंग कधी निघत नाही. हा किरमिजी किडा. पिठ्या ढेकणाचाच लांबचा भाऊबंद, पण घर वेगळं.

आता तुम्ही म्हणाल, निवडुंगावर किडा पडला तर पडू दे, तुझं काय जातंय? एरवी काही गेलं नसतं. पण यंदा मी शेळ्यांसाठी बिनकाटेरी निवडुंग लावायचं ठरवलंय. उरुळीकांचनच्या बाएफनं या चारा निवडुंगावर बरंच काम केलंय. मुरमाड रानात, नुसत्या पावसावर येतो, फड्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी, कडब्याच्या कुट्टीत मिसळून उन्हाळा काढता येतो. (नुसता घालू नका, जनावर पातळ हागतं.) आणि बांधावरचा किडा जर त्या निवडुंगावर जाणारा असेल तर माझं रोप लावायच्या आधीच संपलं. म्हणून "हा नेमका कोणता?" हा प्रश्न मला पडला. शोधत गेलो तर कळलं, आपल्या देशात हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वीपासून पडलेला आहे आणि उत्तर बऱ्याचदा चुकलेलं आहे.

मूळ गोष्ट मेक्सिकोची. तिथले शेतकरी ही कीड निवडुंगावर पाळायचे, वाळवायचे आणि तिचा लाल रंग काढायचे. स्पेननं मेक्सिको जिंकल्यावर हा माल युरोपात जायला लागला. चांदीच्या खालोखाल मेक्सिकोतून जाणारा किमती माल हाच. एक पौंड रंगाला सत्तर हजारांच्या आसपास किडे लागायचे. स्पॅनिश लोक त्याला 'ग्राना' म्हणजे दाणा म्हणत, आणि युरोपातल्या शहाण्यासुरत्या माणसांचं बराच काळ एकमत नव्हतं की हे बी आहे का किडा. आपल्याकडं किरमिजी हा शब्द त्याच्या आधीपासून आहे, तो पश्चिमेकडच्या ओकच्या झाडावरच्या दुसऱ्याच किड्याच्या रंगावरून आला. म्हणजे नावातसुद्धा आधीचा एक गोंधळ आहेच.

स्वीडनच्या लिनियसनं १७५८ मध्ये 'कोकस कॅक्टाय' असं नाव देऊन ठेवलं आणि सगळे रंगाच्या किड्याला त्याच नावानं ओळखायला लागले. पुढं तपासात ते नाव भलत्याच एका किड्याचं निघालं. ज्याच्या रंगानं राजेलोकांची कापडं रंगली त्याचं शास्त्रीय नाव आज डॅक्टिलोपियस कोकस आहे, कोस्टा नावाच्या इटालियन माणसानं दिलेलं. सगळ्यात प्रसिद्ध किड्याची ही गत, तर बाकीच्यांचं काय असेल!

मेक्सिकोतल्या शेतकऱ्याला मात्र एक फरक पक्का माहीत होता. 'ग्राना फिना' म्हणजे पाळीव, अंगानं मोठा, अंगावर नुसती भुकटी, रंग भरपूर. 'ग्राना सिल्वेस्त्रे' म्हणजे रानटी, लहान, अंगावर कापूस, रंग कमी. हा सगळा कापसाळ रानटी माल एकाच जातीचा नाही हे मात्र विज्ञानाला फार उशिरा कळलं.

ईस्ट इंडिया कंपनीला हा रंग स्वतःच्या मुलखात हवा होता. मद्रासला डॉ. जेम्स अँडरसन म्हणून कंपनीचे डॉक्टर होते. त्यांना १७८६ मध्ये गवतावर असाच एक किडा सापडला आणि त्यांना वाटलं, घावलं! लंडनला जोसेफ बँक्स यांना पत्रांवर पत्रं गेली. तपासल्यावर तो रंगाचा किडा निघाला नाही. पण अँडरसन गडी खमक्या, सैदापेठेत निवडुंगाची बागच उभी केली. म्हणजे गोठा तयार, म्हैस अजून यायची होती.

१७९५ मध्ये कॅप्टन नीलसन नावाचा अधिकारी ब्राझीलच्या रिओ दि जानेरो बंदरातून किडे असलेला निवडुंग घेऊन कलकत्त्याला आला. बंगालमधल्या निवडुंगावर हे किडे असे फोफावले की काही विचारू नका. सगळ्यांना वाटलं, हाच तो. निघाला रानटी. आज त्याला डॅक्टिलोपियस सिलोनिकस म्हणतात. रंग हलका, भाव पडेल. आणि त्या किड्यानं रंगापेक्षा दुसरंच काम करून दाखवलं : जो निवडुंग खायचा तो खाऊन संपवला. जात होती ओपुन्शिया मोनाकँथा. धंदा बुडाला, पण लोकांनी पाहिलं की माजलेलं निवडुंगाचं रान एक किडा झोपवू शकतो.

मग १८३६ ते १८३८ च्या दरम्यान तोच किडा मुद्दाम दक्षिण हिंदुस्थानात नेऊन सोडला. तण मारायला मुद्दाम किडा नेऊन सोडायचा, असा जगातला हा पहिल्या काही प्रयोगांतला एक धरतात. तिथंही मोनाकँथा बसला. १८६५ च्या सुमारास सिलोनला नेला, तिथंही तेच. इथंपर्यंत सगळं ठीक.

घोळ पुढं झाला. आपल्याकडं मोनाकँथा एकटा नव्हता. ओपुन्शिया डिलेनी आणि ओपुन्शिया इलेटिअर या दोन काटेरी जाती रानोमाळ माजल्या होत्या. गायरानं गेली, वाटा गेल्या, विहिरीकडं जायला कोयता लागायचा. साहेबलोकांनी म्हटलं, सोडा तोच किडा. सोडला, आणि काही झालं नाही. किड्यानं डिलेनीला तोंडच लावलं नाही. सगळ्याला 'प्रिकली पेअर' हे एकच नाव, त्यामुळं एका निवडुंगावर यशस्वी झालेला किडा दुसऱ्यावर का चालत नाही हे कुणाला लगेच उमजेना. बर्किल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९११ मध्ये हिंदुस्थानात रानटी झालेल्या निवडुंगांच्या जाती नीट वेगळ्या करून मांडल्या, तेव्हा कुठं झाडाच्या बाजूचा हिशोब लागला. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात मोलाचं काम हेच. किडा कोणता हे विचारायच्या आधी तो कोणत्या झाडावर बसलाय हे कुणीतरी नीट विचारलं.

तोवर ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडची रानंच्या रानं निवडुंगानं गिळली होती. तिथलं एक शासकीय मंडळ १९१२ ते १९१४ मध्ये निवडुंगाचे शत्रू शोधत जगभर फिरलं, हिंदुस्थानातही आलं. सिलोनिकस तिकडंही गेला. मोनाकँथा मेला, पण त्यांचा खरा वैरी असलेली जात तशीच राहिली. नंतर त्यांनी अमेरिकेतून दुसरा कापसाळ किडा आणला. तो ऑस्ट्रेलियातून १९२४ मध्ये सिलोनला आणि सिलोनहून १९२६ मध्ये दक्षिण हिंदुस्थानात आला.

दिसायला सेम. तोच कापूस, तेच लाल रक्त. पण यानं डिलेनी धरला, आणि त्याचा सोयरा इलेटिअरही. पाच-सहा वर्षांत ४०,००० हेक्टरच्या वर, म्हणजे लाखभर एकर रान मोकळं झालं. आमच्याकडं म्हातारी माणसं सांगायची की पूर्वी इकडं निवडुंग एवढा होता की मेंढरू आत शिरलं तर परत मिळत नसे, आणि मग "निवडुंगाला रोग आला". तो रोग म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

गंमत अशी की एवढं मोठं काम करणाऱ्या किड्याचं नाव तेव्हा चुकीचं लिहिलं गेलं. जुन्या पुस्तकांत तो 'टोमेंटोसस' म्हणून सापडतो. १९७४ मध्ये डी लोट्टो नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं या सगळ्या कुटुंबाची नव्यानं छाननी केली. खरा टोमेंटोसस काठीसारख्या गोल फांद्यांच्या निवडुंगावर राहणारा, वेगळाच. आपल्याकडं आलेला तो डॅक्टिलोपियस ओपुन्शिए. म्हणजे जुनं पुस्तक वाचून कुणी टोमेंटोसस मागवला असता तर फड्या निवडुंगावर तो उपाशी मेला असता.

शास्त्रज्ञ एवढे का चुकले? एकदा भिंगाखाली बघा म्हणजे रागवणार नाही. मादी, पिल्लू आणि नर शेजारी ठेवले तर तीन वेगळे किडे वाटतात. मादी म्हणजे पाय विसरलेली गोल पिशवी, जागची हलत नाही. पिल्लू बारीक, अंगावर लांब तंतू, वाऱ्यावर उडून दुसऱ्या झाडावर जातं. नर चिलटाएवढा, दोन पंख, मागं दोन पांढऱ्या शेपट्या. पाऊस झोडपून गेला की कापूस धुतला जातो आणि तोच किडा वेगळा दिसतो. खरी ओळख मादीला औषधात शिजवून, काचेवर चपटी करून, सूक्ष्मदर्शकाखाली कातडीवरची छिद्रं आणि केस बघून पटते. शेतात उभं राहून नुसत्या डोळ्यांनी ते होत नाही.

आणि एवढं करूनही संपत नाही. दक्षिण आफ्रिकेत १९३० च्या दशकात ओपुन्शिए सोडला तो फायकस-इंडिका या मोठ्या निवडुंगासाठी. त्यानं तिथला रानटी फायकस-इंडिका आटोक्यात आणला, पण स्ट्रिक्टा जात जवळजवळ तशीच माजत राहिली. (आपला डिलेनी आता याच स्ट्रिक्टाचा उपप्रकार धरतात.) मग १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातून पुन्हा तोच ओपुन्शिए आणला आणि त्यानं स्ट्रिक्टा धरला. काचेवर दोघांची जात एकच, ताटातली भाकरी वेगळी. शास्त्रज्ञ त्यांना एकाच जातीचे दोन जैवप्रकार म्हणतात. आपल्या भाषेत, खिलार आणि गीर दोन्ही गाईच, पण एकीचं काम दुसरीकडून होत नाही.

माझ्या प्रश्नाची मेख इथं आहे. बिनकाटेरी चारा निवडुंग म्हणजे फायकस-इंडिकाच. आपल्याकडं जो ओपुन्शिए आला तो ऑस्ट्रेलिया-सिलोनच्या वाटेनं, डिलेनी खाणारा. पण त्यावर विसंबून झोपायची सोय नाही, कारण ब्राझीलच्या पेर्नांबुको भागात चारा निवडुंगाची शेतंच्या शेतं याच जातीच्या किड्यानं गेली. मोरोक्कोत २०१४ मध्ये शिरला आणि गावंच्या गावं कुंपणाला आणि फळाला मुकली. तिथं तो मित्र नाही, टोळधाडीसारखा शत्रू आहे.

म्हणून मी काय केलं ते सांगतो. ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत फड्याच्या तुकड्यासकट दहा-बारा माद्या घातल्या, चिठ्ठीवर पेन्सिलीनं गाव, तारीख आणि झाडाचं वर्णन लिहिलं. शाई अल्कोहोलात उतरते, पेन्सिल टिकते. ही बाटली बंगळुरूच्या एनबीएआयआरकडं, म्हणजे कृषी कीटकांच्या राष्ट्रीय संस्थेकडं, ओळखीसाठी पाठवायची आहे. दुसरं, बिनकाटेरी निवडुंगाचा एक फडा एका बादलीत लावला, शेजारी किडा असलेला फडा टेकवला, वरून बारीक जाळी बांधली. जाळी दोन पदरी घ्या, पिल्लू मुंगीपेक्षा बारीक असतं. तिसरं, नवीन लागण बांधापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला करायचं ठरवलं. फवारणी करणार नाही. मेणाचा कापूस औषध आत जाऊ देत नाही. शिवाय द्राक्षवाले मिलीबगसाठी सोडतात तो क्रिप्टोलेमस भुंगा हा किडासुद्धा खातो, फवारलं तर आधी तो मरायचा.

बादलीचं प्रकरण बघायला शेजारचे तात्या आले होते. त्यांच्या विहिरीच्या वरच्या तुकड्यात अर्धा एकर फड्या निवडुंग माजलाय, जेसीबी लावून दोनदा काढला, दोनदा आला. सगळी गोष्ट ऐकून घेतली आणि म्हणाले, "अरे, मग चार फडे मला दे की. माझं रान मोकळं होईल."

मी म्हटलं, "तात्या, तुमचं रान माझ्या लागणीच्या वाऱ्यावर आहे. बंगळुरूचं उत्तर येऊ द्या."

"आणि उत्तर आलं की तो माझ्या कामाचा, तुझ्या धोक्याचा नाही, तर?"

"तर चार नाही, पाटी भरून आणून देतो. पण तोवर बांधावरनं गपचिप तोडून नेऊ नका."

तात्या हसले, बादलीच्या जाळीला गाठ नीट बसलीय का ते स्वतः ओढून बघितलं, आणि गेले. बाटली सोमवारी कुरिअरनं जाणार आहे.