रापणीचा वाटा

इथे एडिसनच्या इंडियन स्टोअरमध्ये फ्रोझन बांगड्याचं पाकीट हातात घेतलं की मला हटकून आजोळ आठवतं. मालवणजवळचं, गाबितांचं घर. 1990 च्या दशकात दिवाळीच्या सुट्टीत पहाटे आम्ही पोरं रापण ओढायला धावायचो. होडीतून भलंमोठं जाळं समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर पन्नासेक माणसांनी किनाऱ्यावरून ओढायचे, ही रापण. मासळी वाळूवर आली की वाटे पडायचे: जाळ्याचे, होडीचे आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचे. मला चार बांगडे मिळाले होते. तेवढा आनंद पुढे पहिल्या पगारालाही झाला नाही!

ही वाटणी म्हणजे गरिबांचा विमाच होता, हे फार उशिरा कळलं. होडी नसलेल्या माणसानेही दोर धरला तर तो रिकाम्या हाती घरी जात नसे.

मग मच्छीमार गरीब का? आपल्याकडे सर्रास उत्तर मिळतं, "दारू". मला ते पटत नाही. 1960 नंतर सरकारने ट्रॉलरसाठी कर्ज आणि अनुदान दिलं. हेतू वाईट नव्हता, कोळंबीला परदेशात चांगला भाव होता. पण गोव्यात ट्रॉलर घेतले ते बरेचसे पैसेवाल्यांनी, ज्यांच्या घरात कधी जाळं विणलं गेलं नव्हतं. कोळंबी उथळ पाण्यात, म्हणून ट्रॉलर किनाऱ्याशी येऊन तळ खरवडू लागले. नेमकं तेच रापणीचं पाणी.

1970 च्या दशकात गोव्याचे रापणकार माथानी साल्ढाणा या शिक्षकाच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरले. 1980 मध्ये गोव्यात कायदा झाला आणि किनाऱ्यालगतचं 5 किलोमीटर पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखलं गेलं. 1981 मध्ये महाराष्ट्रानेही कायदा केला. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना पुढचं ओळखीचं वाटेल: डिझाइन उत्तम, अंमलबजावणीच्या नावाने बोंब! त्यात बांगड्यांचा अख्खा थवा एका वेढ्यात उचलणारी पर्ससीन जाळी आली. महाराष्ट्राने त्यांना वेसण घालायचा आदेश काढला तो 2016 मध्ये. तोवर कायद्याला 35 वर्षं झाली होती.

मागच्या खेपेला मामाला म्हटलं, "चल, रापण ओढूया."

"ओढूक माणसां खंय आसत रे आता?" तो म्हणाला.

माझ्या बाजूला उभा राहून दोर ओढणारा शेजारचा मुलगा आज पर्ससीन बोटीवर पगारी खलाशी आहे.