मुलांच्या चष्म्याचा वाढता नंबर

लघुदृष्टिदोषात नेत्रगोल मागच्या बाजूस लांबत जातो. ही लांबी एक मिलिमीटरने वाढली, की नंबर साधारणतः अडीच ते तीनने वाढतो. ती पुन्हा कमी होत नाही. त्यामुळे वाढीच्या वयात तिचा वेग मंद करणे एवढेच हाती असते. नंबर उणे सहापलीकडे गेल्यास दृष्टिपटल सुटण्याचा आणि काचबिंदूचा धोका बळावतो. चष्मा अचूक असला, तरी हा धोका टळत नाही.

कमी नंबरचा चष्मा दिल्यास नंबर वाढत नाही, हा समज घरोघरी आढळतो. मलेशियातील २००२ च्या अभ्यासात मात्र अशा मुलांचा नंबर अधिक वेगाने वाढला.

चीनमधील ग्वांगझू येथे शाळेत रोज ४० मिनिटे जादा मैदानावर घालवणाऱ्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना तीन वर्षांत हा दोष जडला. इतरांत हेच प्रमाण ३९.५ टक्के होते. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे सायंकाळ शिकवणीत जाते. तेव्हा ही ४० मिनिटे शाळेलाच काढावी लागतील. चष्मा लागल्यानंतर ॲट्रोपिनचे सौम्य थेंब नंबर वाढण्याचा वेग कमी करतात. मात्र ते परस्पर बंद केल्यास नंबर पुन्हा झपाट्याने वाढू शकतो.