पंचांगावरचा अंगठा

फॉरेन्सिकवर एक भाग करा असे बरेच मेसेज आले होते. वेब सिरीजमध्ये दाखवतात ते सगळं: निळा प्रकाश, पांढरा कोट, स्क्रीनवर भराभर सरकणारे ठसे आणि मग एकदम 'मॅच'. करू या. पण आपण लॅबमध्ये नंतर जाऊ, आधी एका चहाच्या मळ्यात जाऊ.

साल 1897. बंगालच्या उत्तरेचा जलपायगुडी जिल्हा. तिथल्या एका मळ्याचा मॅनेजर अंथरुणातच गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. कागदपत्रांची पेटी आणि तिजोरी उचकटलेली, पैसे गायब. संशयितांना तोटा नव्हता. मॅनेजर मजुरांशी कडक वागायचा, म्हणून मजुरांवर संशय. स्वयंपाक्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग, म्हणून त्याच्यावर संशय. एका बाईशी मॅनेजरचे संबंध होते, तर तिच्या नातेवाइकांवर संशय. परिसरात फिरणारी काबुल्यांची एक टोळीही होती. आणि एक जुना नोकर होता, कांगाली चरण. मॅनेजरकडेच चोरी केल्याबद्दल शिक्षा भोगून नुकताच बाहेर आलेला.

लुटलेल्या पेटीत पोलिसांना निळ्या कव्हरचं एक बंगाली पंचांग मिळालं. त्यावर दोन तपकिरी डाग होते. त्यातला एक भिंगातून नीट पाहिला तर तो उजव्या अंगठ्याचा ठसा होता. पंचांग कलकत्त्याला रवाना झालं. तिथे रायटर्स बिल्डिंगमध्ये त्याच वर्षी एक नवं ऑफिस सुरू झालं होतं: बोटांच्या ठशांचा ब्युरो, जगातल्या अगदी पहिल्यांपैकी एक. शिक्षा झालेल्या कैद्यांचे ठसे तिथे जमा होत होते. ठसा जुळला. कांगाली चरण, उजवा अंगठा. तो सापडला तेव्हा मळ्यापासून कितीतरी लांब, बीरभूम जिल्ह्यात होता. डाग रक्ताचाच आहे, हेही रासायनिक तपासणीत निघालं.

इथे आपली वेब सिरीज संपली असती. कोर्टात काय झालं ते सांगतो, पण त्याआधी हा ब्युरो आला कुठून ते बघू. कारण त्यात आपल्याच लोकांची एक गोष्ट दडपली गेलीय.

बोटाचा ठसा गुन्हा शोधायला म्हणून सुरूच झाला नव्हता. तो सुरू झाला अविश्वासातून. 1858 च्या जुलैमध्ये, म्हणजे सत्तावन्नच्या उठावाचा धुरळा खाली बसत असताना, जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा तरुण इंग्रज अधिकारी रस्त्याच्या खडीचं कंत्राट देत होता. कंत्राटदाराचं नाव राज्यधर कोनाई. उद्या हा माणूस 'ही सही माझी नव्हेच' म्हणाला तर? म्हणून हर्शेलने त्याच्या अख्ख्या पंजाला शिक्क्याची शाई फासून करारावर उमटवला. विज्ञान वगैरे काही नाही, निव्वळ धाक बसवायला. नंतर हुगळीला असताना त्याने पेन्शनच्या आणि दस्त नोंदणीच्या कामात ठसे घ्यायला लावले, जेणेकरून मेलेल्या माणसाच्या नावावर दुसराच कोणी पेन्शन उचलणार नाही. आपल्याकडे 'अंगठेबहाद्दर' हा शब्द लिहिता न येणाऱ्याला हिणवायला वापरतात. गंमत म्हणजे आज शिकलेसवरलेले आपण सगळे ऑफिसच्या दारात, बँकेत, फोनवर अंगठाच टेकवत असतो.

असो. ठसा घेणं सोपं, खरी अडचण शोधण्याची. समजा तुमच्याकडे वीस हजार कैद्यांची कार्डं आहेत आणि एक माणूस पकडलाय जो आपलं नाव खोटं सांगतोय. नावावरून कार्ड शोधता येणार नाही, कारण नाव हाच तर प्रश्न आहे. मग काय, एकेक कार्ड काढून बघत बसायचं? त्यामुळेच तेव्हा पोलीस फ्रान्समधल्या बर्टिलॉनची पद्धत वापरत होते. डोक्याची लांबी, हाताची लांबी, मधलं बोट, अशी मापं कॅलिपरने घ्यायची आणि त्या आकड्यांवरून कार्ड लावायची. पण मापं घेणारा बदलला की आकडे बदलायचे.

बंगाल पोलिसांचा प्रमुख होता एडवर्ड हेन्री. त्याच्या हाताखाली दोन हिंदी सब-इन्स्पेक्टर होते: अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस. हक गणिताचा विद्यार्थी, कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातला. यांनी जी पद्धत बसवली ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दोनदा वाचली, कारण हे थेट आमच्या धंद्यातलं निघालं.

लहानपणी बोटांवरचे शंख आणि चक्रं मोजलीत ना? दहाही चक्रं असली तर माणूस राजा होतो वगैरे? पद्धत तिथूनच सुरू होते. प्रत्येक बोटाला एकच प्रश्न: चक्र आहे की नाही? हो किंवा नाही, एक किंवा शून्य. बोटांच्या पाच जोड्या करायच्या. उजवा अंगठा आणि तर्जनी ही पहिली जोडी. तिथे चक्र असेल तर किंमत 16. पुढच्या जोडीला 8, मग 4, मग 2, शेवटी 1. जोडीतल्या दुसऱ्या बोटांची बेरीज वर, पहिल्या बोटांची बेरीज खाली, आणि दोन्हीत एकेक मिळवायचा. फक्त उजव्या अंगठ्यावर चक्र असलेला माणूस येतो 1/17 या कप्प्यात. एकही चक्र नसलेला 1/1 मध्ये आणि आपला तो 'राजा' 32/32 मध्ये. 32 गुणिले 32, म्हणजे 1024 कप्पे. दोनाचा दहावा घात! कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी, लाकडी कप्प्यांच्या कपाटावर चालणारं हॅश टेबल. काही कप्पे ओसंडून वाहायचे, तर त्यांच्यात रेषा मोजून आणखी पोटभाग पाडायचे. हॅश टेबलमध्येही एका कप्प्यात गर्दी झाली की काहीतरी सोय करावीच लागते.

या पद्धतीचं नाव जगभर काय झालं? 'हेन्री सिस्टिम'. 1900 मध्ये हेन्रीने पुस्तक काढलं आणि 1901 मध्ये तो लंडनला स्कॉटलंड यार्डमध्ये गेला. पुढे हकना खानबहादूर आणि बोसना रायबहादूर हे किताब मिळाले, आणि बऱ्याच वर्षांनी, 1920 च्या दशकात, हेन्रीने पत्रातून हक यांचा वाटा मान्यही केला. माझं मत विचाराल तर हे म्हणजे कोड एकाने लिहायचं आणि रिलीजवर नाव मॅनेजरचं, त्यातला प्रकार. हेन्रीचं काहीच नव्हतं असं नाही. ठशांचं महत्त्व त्याला आधी कळलं आणि सरकारच्या गळी त्याने ते उतरवलं. पण कपाटाचं गणित त्याचं नव्हतं.

आता परत जलपायगुडीला.

खटला 1898 मध्ये उभा राहिला. न्यायाधीशांबरोबर असेसर बसले होते, म्हणजे ज्यूरीसारखे, मत देणारे स्थानिक लोक. पुरावा काय? आरोपीचा अंगठा, रक्ताने माखलेला, पेटीतल्या पंचांगावर. याहून जास्त काय पाहिजे, असं वाटतं ना? निकाल असा लागला: चोरीचा गुन्हा सिद्ध, खुनाचा नाही. का? कारण ठसा एवढंच सांगतो की या माणसाने रक्ताळल्या हाताने पेटीतली ही वस्तू हाताळली. गळा कोणी चिरला, हे ठसा सांगत नाही. खून करताना कोणी पाहिलेलं नव्हतं. कदाचित कांगाली चरणनेच केला असेल. मला स्वतःला तर तसंच वाटतं. पण 'वाटतं' यावर फाशी द्यायची नाही, हे त्या असेसरांना कळलं, तेही ज्या पुराव्याचं तेव्हा सगळ्यांना अप्रूप होतं त्याच्या सुरुवातीच्या एका मोठ्या परीक्षेत.

फॉरेन्सिक आणि कायदा यांच्यातला जोड नेमका इथे आहे. लॅब सांगते: हा ठसा, हा माणूस. कोर्टाला विचारायचं असतं: या माणसाने काय केलं? या दोघांमधलं अंतर साक्षीदारांनी, परिस्थितीने, वेळेच्या हिशोबाने भरायचं असतं. लॅबने नाही.

कायदाही लगेच बदलला. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 45 तज्ज्ञांच्या मताबद्दल होतं, त्यात 1899 मध्ये बोटांच्या ठशांची भर घातली. आता तो कायदा गेला, त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि हे कलम 39 झालं. त्यातला शब्द मात्र लक्षात ठेवा: 'मत'. तज्ज्ञ मत देतो. निकाल देत नाही.

हे मत चुकू शकतं का? बरीच वर्षं उत्तर 'नाही' असंच दिलं जायचं. 2004 च्या मार्चमध्ये माद्रिदला लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले, 190 हून जास्त माणसं गेली. डिटोनेटरच्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीवर अर्धवट ठसा मिळाला. अमेरिकेच्या एफबीआयने तो आपल्या डेटाबेसमध्ये टाकला. कॉम्प्युटरने 20 जवळची नावं काढून दिली. त्यातलं चौथं नाव होतं ओरेगॉनमधल्या एका वकिलाचं. तज्ज्ञांनी तपासलं: हाच. दुसऱ्याने, तिसऱ्याने दुजोरा दिला. स्पेनचे पोलीस म्हणत होते की आम्हाला जुळत नाही. तरी त्याला आत टाकलं. दोन आठवड्यांनी स्पेनने तो ठसा एका अल्जेरियन माणसाशी जुळवला. एफबीआयने माफी मागितली आणि पुढे अमेरिकन सरकारने त्या वकिलाला 20 लाख डॉलर दिले.

यात यंत्राचा दोष शोधू नका, त्याने फक्त 'हे बघा, साधारण असे दिसणारे' एवढंच सांगितलं होतं. पण डेटाबेस जितका मोठा, तितका योगायोगाने फार सारखा दिसणारा कोणीतरी त्यात सापडण्याचा संभव जास्त. आणि पहिल्याने 'हाच' म्हटलेलं माहीत असताना दुसऱ्याने 'नाही' म्हणायला हिंमत लागते. कोड रिव्ह्यूमध्ये सीनियरने अप्रूव्ह केलेलं आपण किती नीट वाचतो, तेवढं आठवा.

आपल्याकडे हे सगळं आता जोरात येतंय. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेनुसार सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचंय. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. मला हे पाऊल चांगलं वाटतं. मारहाण करून कबुली घेण्यापेक्षा पंचांगावरचा डाग शोधणं केव्हाही बरं. जलपायगुडीत तो डाग कोणी पाहिला नसता, तर कपड्यांवर रक्त असलेल्या त्या स्वयंपाक्याचं काय झालं असतं, विचार करा.

दुसरी बाजू साठवणुकीची. ठसे द्यायला लावणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं का? हा प्रश्न 1961 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे आला, आपल्या जुन्या मुंबई राज्याच्याच एका खटल्यात: मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड. अकरा न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की नाही, बोटाचे ठसे म्हणजे साक्ष नव्हे. 2010 मध्ये मात्र नार्को टेस्ट जबरदस्तीने करता येणार नाही, असं त्याच कोर्टाने ठरवलं, कारण तिथे माणसाच्या मनातलं बाहेर काढलं जातं. आणि 2022 च्या नव्या कायद्याने ठशांबरोबर डोळ्यांची बुबुळं, रक्ताचे नमुने असं बरंच काही घेण्याची मुभा पोलिसांना दिली. ही नोंद 75 वर्षं ठेवता येते. आधी कुठलीही शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर ती नष्ट करायची, असं कायदा म्हणतो, पण कोर्टाला कारण देऊन ती ठेवायलाही सांगता येतं.

हक आणि बोस यांच्या कपाटात 1024 कप्पे होते आणि त्यात फक्त शिक्षा झालेले लोक होते. आजच्या कपाटात अटक झालेलेही येतात.

पुढच्या भागात डीएनए. तोपर्यंत एक घरचा अभ्यास: आपला कप्पा काढून बघा आणि कमेंटमध्ये टाका. माझा 9/3 आलाय.