येलिनेक, एमिल

(६ एप्रिल १८५३ – २१ जानेवारी १९१८). ऑस्ट्रियन व्यापारी, मोटारींचे हौशी ग्राहक व विक्रेते. जन्म लाइपसिक येथे. वडील आडोल्फ हे पुढे व्हिएन्नात नावाजलेले ज्यू धर्मगुरू; भाऊ गेओर्ग कायदेपंडित, तर माक्स हेर्मान भाषाशास्त्रज्ञ. एमिल यांचे मन अभ्यासात रमले नाही. उत्तर आफ्रिकेत व्यापार व विम्याच्या धंद्यात त्यांनी पैसा मिळवला आणि दक्षिण फ्रान्समधील नीस येथे बिऱ्हाड केले. यूरोपातील धनिक हिवाळ्यात या शहरी मुक्कामाला येत. येलिनेक यांचे पुढचे गिऱ्हाईक त्यांच्यातूनच मिळाले.

जर्मन साप्ताहिकातील जाहिरात वाचून त्यांनी कान्श्टाट येथील डाइम्लर कंपनीकडे मोटार मागवली. १८९७ मध्ये हाती आलेली ही दोन सिलिंडरांची, पट्ट्यावर चालणारी, ६ अश्वशक्तीची गाडी ताशी २४ किमी. वेगाने धावे. येलिनेक यांना ४० हवे होते. पुढच्याच वर्षी कंपनीने त्यांना ८ अश्वशक्तीच्या, चार सिलिंडरांच्या दोन ‘फिनिक्स’ गाड्या दिल्या. १८९९ मध्ये कंपनीने त्यांना १०, तर १९०० मध्ये २९ मोटारी पुरवल्या. नीसच्या शर्यतींत ते ‘मस्य मर्सिडीज’ या टोपणनावाने उतरत. हे नाव त्यांच्या मुलीचे (जन्म १८८९).

३० मार्च १९०० रोजी नीस–ला त्युर्बी या घाटातील शर्यतीत कारखान्याचे फोरमन विल्हेल्म बाउअर यांची फिनिक्स कड्यावर आदळली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. वाटेत आलेल्या प्रेक्षकांना चुकवताना ताबा सुटला, असे सांगतात. उंच बांधणीच्या, पुढून जड व आखूड गाडीत एवढे बळकट एंजिन बसवणे धोक्याचे होते, हे मात्र निर्विवाद. कंपनी शर्यतींतून अंग काढून घेण्याच्या विचारात होती. येलिनेक यांनी उलट मागणी केली : गाडी अधिक लांब, रुंद व बुटकी करा, वजन घटवा आणि शक्ती वाढवा. अशा ३६ मोटारींची साडेपाच लाख मार्कांची मागणी त्यांनी नोंदवली. एंजिनाला मुलीचे नाव द्यायचे, हे त्याआधीच एप्रिलच्या आरंभी ठरले होते. नावाचीच गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. खरे मोल रचनेचे आहे.

मर्सिडीज ३५ : आराखडा विल्हेल्म मायबाख यांचा, पहिली गाडी २२ डिसेंबर १९०० रोजी रवाना झाली. एंजिन चार सिलिंडरांचे, ५.९ लिटरचे, मिनिटाला सुमारे ९५० फेऱ्यांना ३५ अश्वशक्ती देणारे. हलक्या मिश्रधातूच्या क्रँककेसमुळे त्याचे वजन सुमारे २३० किग्रॅ.वर आले. सांगाडा दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा. सर्वांत मोठी सुधारणा रेडिएटरची. मधमाशीच्या पोळ्यासारख्या या चौकटीत ६ मिमी. बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकमेकींना लावून बसवल्या होत्या. नळ्यांतून हवा वाहे आणि त्यांच्यामधल्या अरुंद फटींतून पाणी. हवेचा स्पर्श होणारे क्षेत्रफळ वाढल्याने पाणी निम्मे, म्हणजे ९ लिटर पुरू लागले. मागचा पंखा गाडी संथ असतानाही हवा ओढी. अधिक शक्तीचे एंजिन तापू न देता चालवण्याचा प्रश्न यामुळे सुटला.

फेब्रुवारी १९०१ मध्ये पो येथील शर्यतीत ही मोटार अपयशी ठरली. महिन्याभराने नीसच्या सप्ताहात मात्र विल्हेल्म वेर्नर यांनी तिच्यावरून ३९२ किमी.ची नीस–सालों–नीस शर्यत ताशी सरासरी ५८.१ किमी. वेगाने जिंकली.

या मोटारीचे श्रेय नेमके कोणाचे, याबाबत लेखकांत एकमत नाही. येलिनेक यांनी पाठवलेल्या सूचना व तक्रारी पुष्कळ होत्या. पण धातू, झडपा व शीतन यांची उकल मायबाख यांनीच केली. ग्राहकाचा आग्रह नसता तर कंपनीने हा धोका इतक्या लवकर पत्करला नसता, एवढे मान्य करावे लागते.

जून १९०३ मध्ये कान्श्टाटच्या कारखान्याला आग लागून ९० अश्वशक्तीच्या शर्यतगाड्या जळाल्या. तेव्हा अमेरिकन धनिक क्लॅरेन्स ग्रे डिन्स्मोर यांची खाजगी ६० अश्वशक्तीची मर्सिडीज उसनी घेऊन कामीय जेनात्झी यांनी आयर्लंडमधील गॉर्डन बेनेट चषक जिंकला. ग्राहकाची गाडी शर्यतगाडीच्या तोडीची झाली होती, याचा याहून चांगला पुरावा नाही.

नाममुद्रेला सप्टेंबर १९०२ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले. १९०३ पासून येलिनेक स्वतःचे आडनाव येलिनेक-मर्सिडीज असे लावू लागले. कंपनीशी खटके उडून पुढे ते दूर झाले.

वाणिज्यदूत म्हणूनही त्यांनी काम केले.

त्यांचे निधन जिनीव्हा येथे झाले. १९२६ मध्ये डाइम्लर व बेंझ या कंपन्या एकत्र येऊन मर्सिडीज-बेंझ ही नाममुद्रा रूढ झाली. महाराष्ट्रात तिचा कारखाना पुण्याजवळ चाकण येथे आहे.